वार्डीची गोष्ट पुरे, आता बाकीच्यांचा हिशोब

इंग्लंडच्या खालच्या लीगमधला स्ट्रायकर म्हटलं की जेमी वार्डी आठवतो, आणि तो आठवावा असाच आहे. सोळाव्या वर्षी शेफील्ड वेन्सडेने नारळ दिलेला पोरगा. स्टॉक्सब्रिज पार्क स्टील्सकडून आठवड्याला ३० पौंडांवर खेळायचा आणि पोटासाठी वैद्यकीय स्प्लिंट बनवणाऱ्या कारखान्यात राबायचा. तिथून हॅलिफॅक्स, मग फ्लीटवूड, २०१२ मध्ये दहा लाख पौंडांना लेस्टर आणि २०१६ मध्ये थेट प्रीमियर लीगचं विजेतेपद.

गोष्टीबद्दल तक्रार नाही, तिच्या वापराबद्दल आहे. वरच्या वीस क्लबांच्या पैशातला किती वाटा खालच्यांना द्यायचा, हा इंग्लंडमधला जुना वाद. तो तापला की कुणीतरी हमखास वार्डीला पुढे करतं : बघा, अंगात गुण असले की माणूस वर येतोच, सगळं ठीक चाललंय. हे म्हणजे लॉटरी लागलेल्याच्या घरी बसून गावाची आर्थिक पाहणी करण्यासारखं झालं. इंग्लिश फुटबॉलची तब्येत बघायची तर लीग टूमध्ये दर हंगामाला दहा-बारा गोल करणाऱ्या, २९ वर्षांच्या, प्रीमियर लीगचं तोंड कधीही न पाहणाऱ्या स्ट्रायकरकडे बघावं लागेल. त्याचा करार किती वर्षांचा आहे, दुखापत झाली तर त्याचं घर कोण चालवतं, त्याच्या जागी कुणाला आणि का खेळवलं जातं, यावर पैशाच्या वाटपाचे बरे-वाईट परिणाम दिसतात.

आधी रचना सांगतो, कारण नावं फसवी आहेत. सर्वांत वर प्रीमियर लीगचे २० क्लब. त्याखाली चॅम्पियनशिप, लीग वन आणि लीग टू, प्रत्येकी २४. असे ९२ क्लब. म्हणजे ‘लीग वन’ ही तिसरी पायरी आणि ‘लीग टू’ चौथी. पाचव्या पायरीवर नॅशनल लीग, आणि तिच्याखाली गावोगावच्या लीगांचा पसारा, जिथे खेळाडू दिवसा नोकरी करतात आणि आठवड्यातून दोन संध्याकाळी सराव करतात. लीग टूचा स्ट्रायकर मात्र पूर्ण वेळ व्यावसायिक असतो. ऑगस्ट ते मे ४६ लीग सामने, वर कपचे सामने, आणि दक्षिणेकडच्या संघाला मंगळवारी रात्रीच्या सामन्यासाठी पार उत्तरेपर्यंत बसप्रवास. मैदानावर पाठीत सेंटर-बॅकचा, म्हणजे मधल्या बचावपटूचा, कोपर घेऊन लांबून आलेला चेंडू छातीवर अडवायचा, साथीदार जवळ येईस्तोवर धरून ठेवायचा, लांब थ्रो-इनवर डोकं घालायचं, समोरच्या बचावपटूंना धावून धावून जेरीस आणायचं. यातलं काहीही आकडेवारीच्या पानावर येत नाही. तिथे एकच रकाना : गोल.

आणि खरी मेख या रकान्यातच आहे. समजा आपला स्ट्रायकर हंगामात ४० सामने खेळला आणि सामन्याला सरासरी अडीच फटके त्याने गोलावर मारले. झाले शंभर. पेनल्टी वगळल्या तर साधारण दहा फटक्यांत एक गोल होतो, म्हणजे त्याच्या नावावर दहा गोल लागायला हवेत. पण ही सरासरी झाली. खेळाडू तोच, फटके त्याच दर्जाचे, तरी केवळ चेंडूच्या नशिबाने हा आकडा ७ ते १३ यांत कुठेही पडू शकतो, आणि गणिताच्या हिशोबाने चार हंगामांतून एकदा त्या पट्ट्याच्याही बाहेर जातो. आता १३ गोलवाल्याला दोन वर्षांचा करार मिळतो, पगार वाढतो, लीग वनच्या क्लबांचे फोन एजंटकडे येतात. ७ गोलवाल्याला मे महिन्यात निरोप मिळतो. दोघं एकच माणूस असू शकतात.

त्यात पेनल्टी कोण घेतो हाही मुद्दा. साधारण पाचातल्या चार पेनल्टी आत जातात. हंगामात पाच मिळाल्या तर चार गोल वाढले, सातचे अकरा झाले. रिकी लॅम्बर्टने साउदॅम्प्टनसाठी ३४ पैकी ३४ पेनल्टी गोलात घातल्या, ही कला आहेच. पण तेवढ्याच कुवतीच्या स्ट्रायकरच्या संघात पेनल्टीचा हक्क कर्णधाराकडे असेल, तर त्याचा आकडा उपाशी राहतो. बदली खेळाडूचं तर विचारूच नका. सत्तराव्या मिनिटाला वीस वेळा मैदानात उतरलेला खेळाडू एकूण ४०० मिनिटं खेळतो, म्हणजे पुरते साडेचार सामनेही नाहीत. नोंद मात्र होते ‘२० सामने, १ गोल’. पुढच्या क्लबचा अध्यक्ष तेवढंच वाचतो.

शहाणे क्लब हे ओळखून आहेत. ब्रेंटफर्डने २०१७ मध्ये एक्सेटरकडून ऑली वॉटकिन्सला घेतलं, २०२० मध्ये ॲस्टन व्हिलाला विकलं, आणि त्याच्या जागी तिसऱ्या पायरीवरच्या पीटरबरोकडून आयव्हन टोनी आणला. ते फटक्यांचा दर्जा मोजतात, एका हंगामाच्या गोलांवर भाळत नाहीत. वॉटकिन्सने पुढे २०२४ च्या युरो उपांत्य सामन्यात नेदरलँड्सविरुद्ध सामना संपता संपता विजयी गोल केला. पण लीग टूच्या मॅनेजरकडे तेवढा धीर कुठून येणार? त्याची स्वतःचीच खुर्ची सलग सहा पराभवांवर उभी असते.

मे ते जुलै हे तीन महिने या धंद्यातले सर्वांत क्रूर. हंगाम संपला की क्लब कुणाला ठेवलं आणि कुणाला सोडलं याची यादी जाहीर करतात. ३० जूनला करार संपतो. खालच्या दोन लीगांमध्ये एक-दोन वर्षांचे करार सर्रास, म्हणजे दर उन्हाळ्यात खेळाडूंचा मोठा घोळका एकाच वेळी बाजारात येतो आणि अर्थातच भाव पडतात. ज्यांना जुलैपर्यंत काही मिळत नाही ते सराव सामन्यांत चाचणीसाठी खेळतात, तेव्हा संघाच्या यादीत नावसुद्धा नसतं, नुसतं ‘ट्रायलिस्ट’ लिहिलेलं असतं. तिशीतला, शंभरावर गोल केलेला माणूसही असा बिननावाचा खेळतो. भाड्याचं घर कुठल्या शहरात घ्यायचं, मुलांना कुठल्या शाळेत घालायचं, हे ऑगस्ट उजाडेपर्यंत अधांतरी. करारातली कलमंही बघण्यासारखी असतात. ठराविक सामने सुरुवातीपासून खेळलास तर करार आपोआप एक वर्ष वाढेल, असं कलम कागदावर छान दिसतं. तो आकडा दोन सामन्यांवर आला की खेळाडू अचानक बाकावर का बसतो, हे मग कुणी विचारू नये.

या पार्श्वभूमीवर पॉल मलिनचा निर्णय समजून घ्यायला हवा. २०२०-२१ मध्ये त्याने केंब्रिज युनायटेडसाठी लीग टूमध्ये ३२ गोल केले आणि संघ लीग वनमध्ये गेला. मलिन मात्र वर जायच्या ऐवजी दोन पायऱ्या खाली, पाचव्या पायरीवरच्या रेक्समला गेला. तेव्हा लोकांनी नाकं मुरडली : हॉलिवूडच्या मालकांचा पैसा बघून गेला. पैसा होताच. पण करार तीन वर्षांचा होता, आणि मूळच्या लिव्हरपूलच्या या माणसाला रेक्सम घराजवळचं. २६ वर्षांच्या स्ट्रायकरला लीगची पायरी मोठी की कराराची लांबी, या प्रश्नाचं त्याने दिलेलं उत्तर व्यवहाराला धरून होतं. खंत एवढीच की असं उत्तर द्यायची मुभा फक्त श्रीमंत मालकाच्या क्लबात मिळते. बाकीच्यांना लीगही खालचीच आणि करारही वर्षाचाच.

आता लोनवर येणाऱ्या पोरांचा प्रश्न. प्रीमियर लीगचा क्लब आपल्या अकादमीतला १९ वर्षांचा स्ट्रायकर लीग टूच्या क्लबाला हंगामापुरता देतो, पगाराचा मोठा वाटा स्वतः उचलतो, आणि अनेकदा अट घालतो : पोरगा जितके सामने कमी खेळेल तितकी तुमची फी जास्त. गरीब क्लबाच्या दृष्टीने हा फुकटातला स्ट्रायकर. हॅरी केन २०११ मध्ये असाच लेटन ओरिएंटला आला होता, हे उदाहरण लगेच दिलं जातं. केनचं भलं झालं, इंग्लंडचंही झालं. पण त्या अटीमुळे बाकावर बसलेला जो २८ वर्षांचा स्थानिक स्ट्रायकर असतो, त्याच्या हुकलेल्या मिनिटांची किंमत कुणाच्याच वहीत नोंदवली जात नाही. उद्याचे तारे घडवायचा खर्च खालच्या खेळाडूंच्या करिअरमधून वसूल होतो. २०१६ पासून ईएफएल ट्रॉफीत, म्हणजे लीग वन आणि टूच्या क्लबांच्या कपस्पर्धेत, बड्या क्लबांचे २१ वर्षांखालचे संघ घुसवले, त्यामागचा विचारही हाच. खालच्या लीगच्या चाहत्यांनी त्यावर बहिष्कार घातला, तो नुसता हट्ट म्हणून नव्हे.

पायऱ्यांमधलं दार किती अरुंद आहे हे बघायचं तर नॉट्स काउंटीचा २०२२-२३ चा हंगाम काढावा. नॅशनल लीगमध्ये ४६ सामन्यांत १०७ गुण. मकॉली लँगस्टाफचे ४२ गोल, त्या लीगचा विक्रम. आणि तरीही संघ दुसरा, कारण रेक्समचे १११ गुण. पाचव्या पायरीवरून चौथीवर दोनच संघ जातात : पहिला थेट, दुसरा प्ले-ऑफ, म्हणजे त्याच्या मागच्या संघांतली बाद फेरी, जिंकून. नॉट्सला उपांत्य सामन्यात बोरम वूडविरुद्ध जादा वेळेच्या अगदी शेवटी गोल करावा लागला, आणि वेम्बलीवर चेस्टरफील्डविरुद्धची अंतिम फेरी पेनल्टी शूटआउटवर गेली. ती जिंकली म्हणून लँगस्टाफ पुढच्या वर्षी लीग टूत खेळला, तिथे २८ गोल केले आणि २०२४ मध्ये चॅम्पियनशिपमधल्या मिलवॉलला पोचला. शूटआउटमध्ये दोन फटके इकडचे तिकडे झाले असते, तर ४२ गोल करणारा माणूस पुन्हा पाचव्या पायरीवरच सडला असता.

वरच्या पायऱ्यांवर हा अन्याय नाही. चॅम्पियनशिपमधून तीन संघ खाली येतात, लीग वनमधून चार. लीग टूतून मात्र दोनच. १९८७ पर्यंत तर आपोआप बढतीच नव्हती. तळाच्या क्लबांना लीगमधले क्लबच मतदानाने पुन्हा निवडून घ्यायचे, आणि बहुतेक वेळा घेतच. १९८७ मध्ये एक जागा खुली झाली, २००३ मध्ये दुसरी. तिसऱ्या जागेसाठी नॅशनल लीगच्या तिन्ही विभागांतल्या ७२ क्लबांनी एकत्र मोहीम उघडली आहे. खाली जायची भीती असणाऱ्यांनीच दार किती उघडायचं ते ठरवायचं, ही रीत कुठल्याही खेळाला शोभत नाही. तिसरी जागा द्यायलाच हवी, आणि ती पैशाच्या कुठल्याही सौद्याशी न जोडता.

आता पैसा. प्रीमियर लीगचा २०२५ पासूनचा देशांतर्गत प्रक्षेपण करार चार वर्षांसाठी सुमारे ६७० कोटी पौंडांचा. खालच्या तीन लीगांच्या ७२ क्लबांचा करार २०२४ पासून पाच वर्षांसाठी सुमारे ९३.५ कोटी. भागाकार केला तर वरच्या क्लबाला वर्षाला सरासरी ८.४ कोटी, खालच्याला २६ लाख. बत्तीसपट फरक. परदेशातल्या प्रक्षेपणाचा, म्हणजे आपण मुंबई-पुण्यात बसून भरतो त्या वर्गणीचा पैसा यात धरलेलाच नाही. शिवाय खालच्या २६ लाखांतला मोठा हिस्सा चॅम्पियनशिप घेते, लीग टूच्या वाट्याला सरासरीहून बरंच कमी येतं. प्रीमियर लीगमधून खाली पडणाऱ्या क्लबांना वरून तीन वर्षांपर्यंत ‘पॅराशूट’ रक्कम मिळते ती वेगळीच, आणि तीही चॅम्पियनशिपमध्येच अडकते. १९८३ पर्यंत पाहुण्या संघाला तिकीटविक्रीतला वाटा मिळायचा, म्हणजे एकत्र खेळतो तर एकत्र खाऊ ही कल्पना इंग्रजांना परकी नव्हती. ती सोडून दिली.

वरच्या आणि खालच्या लीगांत वाटपाची बोलणी अनेक वर्षं चालली. सहा वर्षांत सुमारे ९० कोटी पौंड द्यायचा प्रस्ताव मार्च २०२४ मध्ये प्रीमियर लीगच्या क्लबांनी गुंडाळला. त्यानंतर जुलै २०२५ मध्ये फुटबॉल प्रशासनाचा कायदा झाला आणि स्वतंत्र नियामक आला. दोन्ही बाजूंचं जमलं नाही तर वाटपात हस्तक्षेप करायचा अधिकार त्याच्याकडे आहे.

यावरचा खणखणीत आक्षेप असा : खालच्या क्लबांना पैसा द्या, ते तो उधळतील. आक्षेप पोकळ नाही. बरी हा क्लब ऐपतीबाहेर खर्च करत बढती मिळवून ऑगस्ट २०१९ मध्ये लीगमधून हाकलला गेला, पाठोपाठ २०२० मध्ये मॅकल्सफील्ड टाउन बुडाला. जास्त पैसा आला तर एखादा मालक ३१ वर्षांच्या नामांकित स्ट्रायकरवर तो उडवणार, हे मान्य. २०२० मध्ये यावर उपाय म्हणून पगारावर मर्यादाही घातली होती : लीग टूच्या पूर्ण संघाला वर्षाला १५ लाख पौंड. २२ खेळाडूंत वाटले तर आठवड्याला सुमारे १,३०० पौंड पडतात, तेही कर आणि एजंटची फी धरून. रुपयांत ही रक्कम मोठी वाटते, आणि इंग्लंडमध्येही हा वाईट पगार नव्हे. पण तो पस्तिशीच्या आत संपतो आणि मध्येमध्ये खंडित होतो. खेळाडूंची संघटना पीएफए लवादात गेली आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये ती मर्यादा रद्द झाली. योग्यच झालं. क्लबांच्या उधळेपणाला लगाम घालायचा तर तो मालकाच्या हातावर घालावा. खेळाडूच्या ताटात कपात करून तो साधत नाही.

म्हणून रक्कम किती यापेक्षा ती कशासाठी बांधली आहे, हे नियामकाने आधी बघावं. दोन जागा अशा आहेत जिथे थोडक्या पैशात मोठा फरक पडेल.

पहिली डोक्याची. वेस्ट ब्रॉमविचचा स्ट्रायकर जेफ ॲस्टल २००२ मध्ये ५९ व्या वर्षी गेला, आणि चौकशी अधिकाऱ्याने मृत्यूचं कारण औद्योगिक आजार ठरवलं : चेंडूला वारंवार डोकं लावणं. २०१९ मध्ये ग्लासगोच्या अभ्यासात दिसलं की मेंदूच्या ऱ्हासाच्या आजारांनी मरण्याचं प्रमाण माजी फुटबॉलपटूंत साडेतीन पट आहे. त्यानंतर २०२१ मध्ये सरावात आठवड्याला जोरदार दहाच हेडर, असा दंडक आला. चांगला आहे, पण मोजणार कोण? कॉर्नर आणि क्रॉसचा पंधरा मिनिटांचा सराव घेतला की उंच स्ट्रायकरचा आठवड्याचा कोटा संपतो. मोठ्या क्लबात विश्लेषकांची फौज असते. लीग टूत तोच फिजिओ पट्ट्या बांधतो, बर्फ आणतो आणि हेडरही त्यानेच मोजायचे. डोक्याच्या दुखापती नुसत्या चेंडूने होत नाहीत. इयन ह्यूम पुणेकरांना आठवत असेल, २०१८ मध्ये एफसी पुणे सिटीकडे आला होता. त्याआधी ट्रॅनमिअर, लेस्टर, बार्न्सली, प्रेस्टन, डॉनकॅस्टर, फ्लीटवूड असा अगदी अस्सल फिरता संसार. नोव्हेंबर २००८ मध्ये बार्न्सलीकडून खेळताना कोपर लागून त्याची कवटी फुटली, तातडीने शस्त्रक्रिया करावी लागली. त्यातून उठून तो भारतात आला आणि २०१४ च्या पहिल्या आयएसएलचा (इंडियन सुपर लीगचा) सर्वोत्तम खेळाडू ठरला. (एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये बंदच पडला. इंग्लंडला नावं ठेवताना आपण फार ताठ उभं राहू नये.)

दुसरी जागा गुडघ्याची, आणि माझ्या मते ही जास्त निकडीची. इंग्लंडच्या प्रमाणित करारानुसार, करार चालू असताना झालेल्या दुखापतीच्या उपचाराची जबाबदारी करार संपल्यावरही काही काळ क्लबावर राहते. पगाराची फार तर महिनाभर. आता मार्चमध्ये गुडघ्याचा अस्थिबंध तुटलेला स्ट्रायकर डोळ्यांपुढे आणा. सावरायला सहा ते नऊ महिने, कधी त्याहून जास्त. ३० जूनला करार संपला. क्लब शस्त्रक्रियेचं बिल भरतो, फिजिओकडे येऊ देतो, पण महिन्याभरानंतर घरात दमडी नाही. डिसेंबरात धावायला लागला तरी वैद्यकीय तपासणीत गुडघा बघून नवा क्लब म्हणतो, महिनाभर खेळून दाखव. घाईघाईने खेळून तोच गुडघा पुन्हा जातो. तिशीच्या आतबाहेरची करिअर अशीच संपतात. पीएफए अडल्यानडल्याला मदत करते, पण मदत मागावी लागते. हक्काचं तसं नसतं.

तर असा निधी उभारावा : करार संपताना जखमी असलेल्या खेळाडूला तंदुरुस्त होईपर्यंत किंवा वर्षभर मूळ पगार. खर्च किती येईल याचा ढोबळ अंदाज करू. लीग वन आणि टूचे मिळून ४८ क्लब, प्रत्येकी दोन असे खेळाडू धरले, आठवड्याला १,००० पौंड आणि सरासरी ३० आठवडे. एकूण २८ लाख ८० हजार पौंड. प्रीमियर लीगच्या एकाच क्लबाला देशांतर्गत प्रक्षेपणातून सरासरी जे मिळतं, त्यातली दोन आठवड्यांची रक्कमसुद्धा याहून जास्त भरते. अंदाज दुपटीने चुकला तरी एका क्लबाचे चारच आठवडे. आणि वीसही क्लबांनी मिळून भरायचे ठरवले, तर मूळ अंदाजाने प्रत्येकाच्या वाट्याला वर्षाला दीड लाखाहून कमी येतात, वरच्या लीगमधल्या बऱ्याच स्ट्रायकरांना एवढे पैसे दोन-तीन आठवड्यांत मिळतात.